मधाशिवायचं पाणी

पतंग निघाल्याचा पाचवा दिवस उजाडला आणि अंडी घालायला पिंजऱ्यात लावलेल्या मलमलीवर अंडी नव्हती. होती ती दहा-बारा, तीही चिंबलेली. बोंडअळीचे पतंग जेमतेम आठ-दहा दिवस जगतात. ही कुळी आम्ही जालन्याच्या लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या सांभाळली होती. आता सहा माद्या उरल्या होत्या. त्यांनी अंडी घातली नाहीत तर कुळी संपणार आणि संशोधन करणाऱ्या मॅडमचं दोन वर्षांचं काम बुडणार.

मी तिथे अळ्या पाळायच्या कामावर होते. शिक्षण चौथी, पण हात हलका, म्हणून ठेवलेली.

मॅडमनी खोलीचं तापमान पाहिलं, ओलावा पाहिला, नर बदलले. माझ्याबरोबरची सिंधूबाई म्हणाली, "राजूरच्या गणपतीचा उपास धरला असंन या माद्यांनी." मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही.

पतंगांना मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवतात. मधाची बाटली संपली होती. नवी मागायला लॅबच्या मुख्य सरांच्या केबिनमध्ये जावं लागे आणि तिथे कायम चार माणसं बसलेली. म्हणून मी तीच बाटली विसळून विसळून वापरत होते.

दुपारी मॅडम एकट्या दिसल्या. मी दारातूनच सांगितलं, "मॅडम, त्याच्यात मध न्हाई. निस्तं पाणी हाय."

"कधीपासून?"

"हे पतंग निघाले तवापासून."

"मग मागितला का नाही, ताई?"

"सरायपुढं बोलणं होत न्हाई मला."

काम गेलं असंच मला वाटलं. मॅडमनी शिपायाला बाजारात पाठवलं. मध आल्यावर म्हणाल्या, "कापूस तुम्हीच ठेवा."

माद्या सोंड उलगडून पीत राहिल्या. दुसऱ्या सकाळी काही नाही. तिसऱ्या सकाळी मलमलीवर खसखस सांडल्यासारखी अंडी होती. मायक्रोस्कोपमधून पाहिलं तर प्रत्येक अंड्यावर उभ्या रेघा, कुणी बसून कोरल्यासारख्या.

मी विचारलं, "एवढ्याशा मधातून एवढं कसं झालं?"

"माल तिच्या अंगातच होता, अळी असताना खाल्लेला," मॅडम म्हणाल्या. "प्रोटीन बनवायचं काम सुरू करून देणारं एक प्रोटीन असतं. मादी उपाशी असली की दुसरं एक प्रोटीन त्याला धरून ठेवतं. पोटात साखर गेली की सोडतं. मग अंड्यासाठी लागणारं प्रोटीन बनायला लागतं."

"पतंगाच्या अंगात हे सगळं?"

"तुमच्या-माझ्याही."

मी बराच वेळ काचेवरून डोळा काढला नाही. इतकी वर्षं पतंग हाताळले, पण डोळ्याला न दिसणाऱ्या जागी कुणी धरतं, कुणी सोडतं, आणि त्यावर एक अख्खी पिढी अडून असते, हे ठाऊक नव्हतं.

अंडी दिसल्यापासून चौथ्या दिवशी अळ्या निघाल्या. कुळी वाचली, माझं कामही राहिलं. तेव्हापासून बाटली अर्धी झाली की मी सरांकडे जाते. आधी दारात उभी राहते, पण जाते.