न मागता दिलेला अर्ज

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही. टँकरचे दिवस होते. तिसऱ्या मजल्यावर विदर्भातून आलेला, आयटीत नोकरी करणारा एक भाडेकरू राहायचा. त्याने एका मंत्र्यांचा चेहरा कोरड्या नळावर चिकटवून ग्रुपवर टाकला. खाली ओळ होती, 'धरण भरलं, पाणी डाउनलोड होऊन राहिलं.' मी हसलो. हसरा चेहराही टाकला.

आठवड्याने पेपरात आलं, आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनलाही जबाबदार धरणार. माझी नोकरी निमसरकारी. मी इतका घाबरलो की माझ्या फोनवरून तो हसरा चेहरा पुसला, स्क्रीनशॉट काढला आणि पोलीस चौकीत गेलो.

हवालदाराने विचारलं, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

"नाही, आपलं कर्तव्य म्हणून..."

"वा! आलाच आहात तर लेखी द्या."

मी दिलं. पुढे काही झालं नाही, म्हणून विसरलोही. मग भाडेकरूला कंपनीने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. पासपोर्टची पडताळणी त्याच चौकीत आली आणि माझ्या अर्जापाशी अडली.

तो माझ्याकडे आला. "काका, चौकीत माझ्याविरुद्ध कोणी लिहून दिलं असेल हो? ग्रुपवर तुम्हीच तेवढे हसले होते, म्हणून तुम्हाले विचारतो."

मी म्हणालो, "साठ माणसं आहेत ग्रुपमध्ये. काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला गेलो. हवालदार म्हणाला, "घ्या की. त्याला घेऊन या, दोघांचा जबाब एकदमच लिहून घेतो. दहा मिनिटांचं काम."

"उद्या आणतो," म्हणालो.

गेलो नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि जिन्यात तो दिसला की मागे फिरायचो. त्याला कळेल, एवढीच भीती. पोलिसांची भीती केव्हाच संपली होती. महिन्याभराने जर्मनीला त्याच्याऐवजी दुसरं कोणी गेलं.

त्याने घर सोडलं. टेम्पोत सामान चढल्यावर घरमालकाच्या किल्ल्या माझ्याकडे द्यायला वर आला. माझ्या पाया पडला.

"असू दे, असू दे," मी म्हणालो, आणि किल्ल्या मोजून घेतल्या.