व्याह्यांना शेत दाखवलं

दादाचे सासरे सांगलीकडचे, सपाट रानात ऊस पिकवणारे. एका एप्रिलमध्ये ते प्रथमच आमच्या गावी आले, तेव्हा बाबा त्यांना शेत दाखवायला निघाले. मीही मागोमाग गेलो. भाताचे कुणगे, म्हणजे चिमुकली खाचरं, ओलांडून आम्ही काजूची चढण चढलो. वरच्या हापूसपाशी पोचेपर्यंत सासऱ्यांना धाप लागली.

“पाव्हणं, शेत अजून किती लांब?” त्यांनी विचारलं.

“अहो, मघापासून शेतातच चाललोय!”

“ह्याला आमच्याकडं डोंगर म्हणत्यात.”

बाबांनी शेजारच्या काजूचं लाल बोंड तोडून पाहुण्यांच्या हातात दिलं. पहिल्याच घासाला रस पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला.

“ह्यो डाग आता जावचो नाय,” बाबा आनंदाने म्हणाले.

सासरे क्षणभर सदऱ्याकडे बघत राहिले. मग बाह्या सरसावून त्यांनी दुसरं बोंड मागितलं, आणि ते खाली उतरायचं नावच घेईनात.