कुंकवाची रेघ

दसऱ्याच्या दुपारी आम्ही मामासाठी जेवायला थांबलो होतो. श्रीखंड वाट्यांत काढून झालं होतं. पूनम सागर कॉलनीतल्या त्याच्या घरी फोन नव्हता, निरोप समोरच्या आंटींकडे यायचे. त्या दारात आल्या आणि मामीकडे न बघता मला म्हणाल्या, "बेटा, तू आ. क्लब से फोन है." मामीला सोडून मला का बोलावलं, ते त्यांच्या घरात शिरेपर्यंत कळलं होतं... पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता. विमानाचा पंख हवेतच मिटला. पायलट आणि मामा, दोघंही गेले.

मामा मुंबईत विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. रविवारी मात्र भाईंदरच्या मिठागरांपलीकडच्या मैदानावर एका लहानशा क्लबच्या मायक्रोलाइट विमानाची देखभाल करायचा. कापडी पंख, ॲल्युमिनियमच्या नळ्या, दोघांपुरती जागा. "स्कूटरला पंख लावलेत," मामी म्हणायची, "पण स्कूटर बंद पडली तर निदान रस्त्यावर उभी राहते." तो हसायचा. पण एकेक बोल्ट तपासल्याशिवाय कोणाला वर जाऊ द्यायचा नाही. मी कमी बोलते म्हणून मला 'घुमे' म्हणायचा. एकदा त्याने चहाच्या जुन्या कपावर लाल शाई ओतली आणि बनियनच्या तुकड्याने पुसून टाकली. कप स्वच्छ झाला, पण कानापाशी केसाएवढी लाल रेघ राहिली. "वर्कशॉपमध्ये असंच करतो आम्ही," तो म्हणाला. "जो तडा डोळ्याला दिसत नाही, तो रंग दाखवतो. कळलं का, घुमे?"

पावसाळ्याआधी ते विमान एकदा जोरात आदळून उतरलं होतं. मधली नळी बदलायला हवी, असं मामाने रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. नवी नळी बाहेरून यायची होती. तोवर चालेल, असं क्लबचं म्हणणं. मामाही मग दर रविवारी जास्त वेळ तपासायचा आणि हो म्हणायचा.

खंडेनवमीला त्याने पाने, पक्कड सगळं घरी आणून पाटावर मांडलं. पूजेतली हत्यारं दसऱ्याला उचलायची नाहीत, हा आजोबांपासूनचा नेम. त्यामुळे सकाळी मैदानावर आम्ही गेलो ते हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि आपट्याची पानं घेऊन. हत्यारं घरीच होती. "आज काय तपासायचं, काल सगळं बघितलंय," मामा म्हणाला. आज उडायचं ते सीमोल्लंघनाला.

ओलं कुंकू लावायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या नळीवर ते ओघळलं, म्हणून मी रुमालाने पुसलं. बोल्टपाशी एक बारीक लाल रेघ राहिली. पुन्हा पुसलं. कप आठवला...

"मामा, हे निघत नाहीये."

"पूजेचं कुंकू कशाला पुसतेस? राहू दे."

त्याने वळून पाहिलं नाही. क्लबची चार माणसं उभी होती. त्यांच्यापुढे मामाला कपाची आठवण करून द्यायची मला लाज वाटली. एरवी परीक्षेच्या पेपरात पानंच्या पानं इंग्रजी लिहिणाऱ्या मला 'तडा' एवढा एक शब्द कोणत्याच भाषेत उच्चारता आला नाही. मामीबरोबर रिक्षाने घरी आले. वाटेत दोनदा मागे वळून आकाशाकडे पाहिलं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी परवा सांगितलं, तडा बोल्टच्या भोकापासून निघाला होता. मी मान हलवली.

पाट अजून तिथेच आहे. काल मी मामाचा तो बनियनचा तुकडा घेतला आणि एकेक पाना पुसत बसले. वाळलेलं कुंकू सहज निघत होतं. प्रत्येक पाना खिडकीशी नेऊन बघत होते. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय शोधतेयस गं?"

सगळे पाने स्वच्छ निघाले होते. मी तुकडा खाली ठेवला, मामीला शेजारी बसवलं आणि त्या रेघेबद्दल पहिल्यापासून सांगायला लागले.