पानाच्या पाठीवरचा तांबेरा

गेल्या पावसाळ्यात मी एका माणसाचं ऐकलं नाही. तो पप्पांपेक्षा वयाने मोठा, आणि ज्या शेतात आम्ही राबत होतो ते शेतही त्याचंच. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण आमच्या घरात मोठ्यांना उलट बोलायची पद्धत नाही. पण मला त्याचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही मूळचे खानदेशातले. पप्पा सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामावर आहेत. माय बरीच वर्षं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. त्यात डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा तिने पप्पांमार्फत बारडोलीच्या वाटेवरचं दीड एकर रान भागाने घेतलं. जमीन, बियाणं आणि खत मालकाचं, मेहनत आमची, पीक अर्धं अर्धं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते जन्मभर ऊस लावत आलेले. जुना ऊस काढल्यावर जमिनीला जरा विसावा म्हणून त्यांनी एका हंगामापुरतं सोयाबीन पेरायचं ठरवलं होतं. पेरणीपासून निंदणीपर्यंत सगळं मायनेच केलं. मी सुरतेच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. बारावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच, म्हणून मायला वाटायचं की मला सगळं येतं.

गणपतीच्या दिवसांत एका रविवारी ती म्हणाली, "खालना पानं पिवळा पडी राह्यनात. जरा पाहीसन सांग. तू शिकेल शे ना?"

मी गेले. सुट्टी म्हणून पप्पाही बरोबर होते. शेंगा नुकत्याच धरत होत्या. वरून शेत हिरवंगार, पण वाकून पाहिलं तर बुडाकडची पानं पिवळी, काही गळूनही पडलेली. बांधावर काका उभे होते. मी त्यांना पान दाखवलं. ते हसले.

"अरे दीकरी, शेरडीमां पण नीचेनां पान सुकाय ज ने!"

म्हणजे उसाचंही खालचं पान वाळतंच. उसाचं वाळलेलं पान काढून टाकतात, त्याने बिघडत काही नाही. चाळीस वर्षं ज्याने ऊसच पाहिला, तो सोयाबीनकडेही उसाच्याच नजरेने पाहणार. माय मान हलवत राहिली. माझीही खात्री नव्हती. आमच्या अभ्यासात पानांच्या रोगांत तांबेरा होता, पण गव्हाचा. त्याची आकृती मी परीक्षेत काढली होती, चांगले गुणही मिळाले होते. सोयाबीनबद्दल आम्हाला कुणी काही शिकवलं नव्हतं.

पप्पा मात्र ते पान बोटांत फिरवत बसले होते. मग त्यांनी खिशातून मिलमधली पांढरी चिंधी काढली. मिलमध्ये रंग पक्का की कच्चा ते पाहायला पांढरं कापड रंगलेल्या कापडावर घासतात. पप्पांनी तेच केलं. पानाच्या वरच्या बाजूला चिंधी घासली, काहीच लागलं नाही. पान उलटं करून घासली, तर चिंधीवर विटकरी भुकटी उतरली.

"हा रंग पानाचा नाही," पप्पा म्हणाले. "पान पिकून पिवळं झालं असतं तर कापडाला असं लागलं नसतं. हे वरून बसलेलं आहे."

मिलमध्ये दिवसभर वाफेत उभा राहणारा माझा बाप, ज्याला फॉर्मवर सही करतानाही घाम फुटतो, त्याने माझ्या पुस्तकाच्या आधी रोग ओळखला. मला तेव्हा त्यांच्याइतका हुशार माणूस दुसरा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती पानं वहीत दाबून कॉलेजात नेली. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी भिंगातून पाहिलं. पानाच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे फोड होते, काही फुटलेले.

"तांबेराच आहे," त्या म्हणाल्या. "गळलेली पानं परत येणार नाहीत. जी आहेत ती वाचव, नाहीतर शेंगा पोचट राहतील. दोन-तीन दिवसांत बुरशीनाशक मारा. आणि पानाच्या पाठीला लागलं पाहिजे, नुसतं वरून नाही."

त्यांनी औषधाचं नाव लिहून दिलं, हेक्झाकोनॅझोल. लिटरला एक मिली. पंधरा दिवसांनी गरज पाहून पुन्हा एकदा. "डब्यावरचा कागद वाचल्याशिवाय झाकण उघडू नकोस," असंही बजावलं.

संध्याकाळी मी पप्पांसोबत काकांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. काकांनी पप्पांकडे पाहूनच उत्तर दिलं. "चोपडीमां खेती न थाय. मला या पिकावर औषध नाही मारायचं. पीक पिकायला आलंय."

"पण अर्धं पीक आमचंही आहे," मी म्हटलं. "आमच्या वाट्यावर मारू द्या."

ते मोठ्याने हसले. "तुमचा वाटा? एका झाडातला कुठला अर्धा भाग तुझा, ते सांग. वरचा की खालचा?"

"खालचा," मी म्हटलं. "रोग खालूनच चढतोय."

पप्पांनी माझा हात दाबला. गप्प बस म्हणून असेल, असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं, ती शाबासकी होती. काका म्हणाले, "मारा, मारा. औषध तुमचं, मेहनत तुमची. पण शेजारच्या माझ्या शेरडीवर एक थेंब उडाला नाही पाहिजे. तिला लागून असलेल्या चार ओळी सोडून द्या."

मला चार ओळीही सोडायच्या नव्हत्या. घरी आल्यावर माय म्हणाली, "सोड. बाकीनं तं वाचाड."

पप्पांनी सुट्टी टाकली, मी दोन दिवस प्रॅक्टिकल बुडवलं. सकाळी वारा पडलेला असताना तोंडाला फडकं आणि हातात मिलचे मोजे घालून आम्ही आळीपाळीने पंप पाठीवर घेतला. वीस पंप झाले. माय कालव्याचं पाणी आणायची आणि मी नळी वर धरली की ओरडायची, "आकाशाले दवाई पाजस का? खाले मार!" वाकून, नोझल उलटं धरून पानाच्या पाठीला फवारायचं म्हणजे कंबर मोडते. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. "कॉलेजवाळी आवी," कुणीतरी म्हणालं. मी पंप उतरवला नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा मारलं. काकांनी तेव्हा परवानगी मागा असं म्हटलं नाही आणि आम्हीही मागितली नाही.

कापणीच्या दिवशी ते आले. सगळं शेत शेवटपर्यंत पानं धरून पिकलं होतं, शेंगा भरलेल्या. उसाला लागून असलेल्या चार ओळी मात्र कधीच्या उघड्या पडल्या होत्या, नुसत्या काड्या आणि चपट्या शेंगा. काका आधी तिकडेच गेले.

"इथे उसाची सावली लागली," ते म्हणाले.

"सावली पाचव्या ओळीवरही होती, काका."

ते पाचव्या ओळीपर्यंत चालत गेले, एक शेंग फोडून पाहिली, दाणे तोंडात टाकले. मी बरोबर होते असं ते म्हणाले नाहीत. मला ते ऐकायचंच होतं, खोटं कशाला बोलू. पण मायच्या वाट्याची पोती भरलेली समोर दिसत होती.

निघताना त्यांनी पप्पांना विचारलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकड्यात सोयाबीन लावू, कराल का?

पप्पा काही बोलायच्या आत माय बोलली. इतक्या महिन्यांत ती त्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलली नव्हती. "दवाई कब मारने का, वो हम बोलेंगे. और चार लाइन भी नहीं छोड़ेंगे. तो ही आएंगे."

काकांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मायकडे बोट केलं.

"विचार करून सांगतो," काका म्हणाले.

करू देत विचार. आम्हीही अजून हो म्हटलेलं नाही.