माल असता तर दिला नसता का

आमच्या मामाजींना डाव्या कानानं ऐकू येत नसे आणि उजव्या कानानं ते स्वतःला हवं तेवढंच ऐकत. मामाजी म्हणजे माझे सासरे. डावा कान बंदुकीनं नेला, असं ते अभिमानानं सांगत. उजवा सासूबाईंनी नेला, असं हळूच पुटपुटत, आणि सासूबाईंना नेमकं तेच ऐकू जाई.

मी अकोल्याहून लग्न करून बुलढाण्याकडच्या, धाडजवळच्या त्या गावात आले, तेव्हा मॅट्रिक पास असल्याचा मला भारी तोरा होता. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला घराच्या धाब्यावर पापड राखायला बसवलं. जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर एकीकडे मुगाचे पापड आणि दुसरीकडे लाल रंगाच्या, बुडाला पितळ असलेल्या कसल्याशा नळ्या ओळीनं मांडलेल्या. इकडचा काही खायचाच प्रकार असेल म्हणून मी त्यातली एक उचलून वास घेतला. खालून मामाजी ओरडले, "सूनबाई, ठेव ते खाली! काडतूस व्हय ते!" मॅट्रिकचा तोरा त्या दिवशी जो उतरला, तो आजतागायत चढलेला नाही. काडतुसांची नळी कागदाची. तिला ओल लागली की ती फुगे आणि बंदुकीत जाता जात नसे. म्हणून त्यांना ऊन द्यावं लागे. मामाजी म्हणत, "पापडाले कावळा नेते, काडतुसाले ओल. दोन्हीवर डोळा ठेव." मी ठेवला. तरी बरेच पापड कावळ्यानं नेले.

बंदूक दुनळी होती, पण तिनं कुणाचा जीव घेतल्याचं मला आठवत नाही. ज्वारीत रानडुकरं शिरली की मामाजी आभाळात बार काढत. सासूबाई म्हणत, "साऱ्या शिवारातले डुकरं यायले ओळखतात. बार झाला का थे समजतात, पाटील आले, आता काही भेव नाही." मामाजी हसत. नेम त्यांचा फार चांगला होता, पण तो जिवंत प्राण्यावर लावायला हात वळत नसे. मडकं, दुधी भोपळा, झाडावरचं वाळकं फळ, असलं काहीतरी ते फोडत आणि लहान मुलासारखे खूश होत.

वर्षातून एकदा त्या नेमाला मान मिळे. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की आसपासच्या गावांतले बंदूकवाले नाल्याकाठी जमत. पलीकडच्या बाभळीला नारळ टांगत आणि एकेकानं एकच बार काढायचा. ज्याच्या बारानं नारळ फुटेल त्याच्या हातून साऱ्यांना खोबरं वाटलं जाई. बक्षीस एवढंच. पण ते खोबरं वाटत मामाजी घरी आले, की त्यांची चाल जिल्हाधिकाऱ्याला लाजवील अशी असे.

पुढं चीनशी लढाई झाली आणि बाजारातून काडतुसं नाहीशी झाली. परदेशी माल बंदच झाला, आणि देशी माल दुकानात येण्याआधीच कुठं जातो ते कळेना. छापील किमतीला मागितली की दुकानदार हात जोडत. मागच्या दारानं मात्र चौपट भावानं हवी तेवढी मिळत. पुढच्या दारानं परवाना लागे, मागच्या दारानं फक्त पैसे लागत. बंदूकवाले चिडत, शिव्या देत आणि शेवटी मागच्या दाराशी जाऊन उभे राहत.

एकटे मामाजी गेले नाहीत. त्याचं कारण गोविंदशेठ. बुलढाण्यातलं बंदुकांचं दुकान त्यांचंच. दोघं लहानपणी एका शाळेत, एका पाटीवर. मामाजी बुलढाण्याला गेले की गिऱ्हाइकासारखे फळीपाशी उभे राहत नसत, आत गादीवर बसत. गोविंदशेठ दर दसऱ्याला सोनं द्यायला आमच्याकडे येत, सासूबाईंच्या हातची पुरणपोळी खात आणि तुपाची वाटी स्वतःच ओढून घेत. टंचाई सुरू झाल्यावर मामाजींनी एकदाच विचारलं होतं. गोविंदशेठ म्हणाले, "माल नाही रे गड्या. येऊन राह्यला, पण आला नाही." झालं. मामाजींनी पुन्हा विचारलं नाही.

ओट्यावर बसून लोक त्यांना सांगत, "पाटील, तुमच्या दोस्ताच्या घरी पेट्याच्या पेट्या हायेत. काल आमच्या मामेभावानं आणली काडतुसं." मामाजी डावा कान त्यांच्याकडं करीत. फारच झालं तर म्हणत, "त्याच्यापाशी माल असता तर त्यानं मले देल्ला नसता का बे?" या प्रश्नाला उत्तर नसे, कारण उत्तर साऱ्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरायला घेतली. मिळेल ती दारू, मिळतील ते छर्रे. दोन दसरे त्यांची बंदूक नाल्याकाठी नुसती फुसकली. पहिल्या वर्षी लोक गप्प राहिले. दुसऱ्या वर्षी कुणीतरी ओरडलं, "पाटील, बंदूक हाय का होळीची पिचकारी?" सारा काठ हसला. मामाजीही हसले. घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत. सणाचं ताट तसंच झाकून ठेवलं गेलं. सासूबाई त्या ताटाकडं बघत राहिल्या.

तिसऱ्या दसऱ्याच्या आधी त्या एकट्याच एसटीनं बुलढाण्याला गेल्या. डोळे दाखवायचे आहेत म्हणाल्या. परत आल्या तेव्हा पिशवीत चष्मा नव्हता. दोन कोरी करकरीत काडतुसं होती. ती त्यांनी मामाजींपुढं ठेवली आणि म्हणाल्या, "गोविंदभाऊंनी धाडले."

मामाजींचा तो चेहरा मी विसरले नाही. काडतूस त्यांनी उजेडात धरलं, फिरवलं, पितळेवर अंगठा घासला. मग साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाह्यलं? म्हणलं नव्हतं म्या? माल आला अन् पयले मले धाडला!" त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत ओट्यावर येईल त्या माणसाला त्यांनी हेच ऐकवलं. बोलणारे लोक माना खाली घालून चहा पीत. मलाही वाटलं, आपण एका भल्या माणसाबद्दल उगाच वाईट ऐकत होतो.

दसऱ्याला नारळ मामाजींनी फोडला. असा फोडला की करवंटी नाल्यात पडली. खोबरं वाटताना ते प्रत्येकाला सांगत होते, "माह्या दोस्ताचं काडतूस व्हय हे."

संध्याकाळी गोविंदशेठ सोनं घेऊन आले. मामाजींनी त्यांना उंबऱ्यातच मिठी मारली. "गोविंदा, लाज राखली लेका तू! ध्यानात ठेवून काडतुसं धाडली!"

गोविंदशेठ गोंधळले, मग हसले. त्यांना थट्टा वाटली असावी. म्हणाले, "अबे, धाडली कायची? वहिनींनी नगदी देऊन नेली ना! धंदा म्हणजे धंदा."

मामाजी वळले. सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मामाजींनी विचारलं, "काय भावानं?"

सासूबाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. मामाजींनी पुन्हा विचारलं, अगदी हळू.

"साऱ्यायले लावतात तोच," सासूबाई म्हणाल्या.

मामाजी ओरडले नाहीत. गोविंदशेठांच्या हातातलं आपट्याचं पान त्यांनी घेतलं, आपलं दिलं. मग आत जाऊन उरलेलं दुसरं काडतूस आणलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे उरलं. महागाची वस्तू हाय, घेऊन जा."

"राग धरतू काऊन बे?" गोविंदशेठ म्हणाले. "तू मागतलं असतं तर..."

"राग नाही," मामाजी म्हणाले. "तुमच्यापाशी माल हाय, हे मले माहीत नव्हतं. बस."

त्या दिवशी तुपाची वाटी कुणी ओढली नाही. गोविंदशेठ अर्धी पोळी ठेवून उठले आणि पुन्हा दसऱ्याला आले नाहीत. मामाजींनी त्यांचं नाव घेतलं नाही, वाईटही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दोस्त गेल्याचं त्यांना किती वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. मला वाटतं, नाल्याकाठी जमलेल्या त्या साऱ्या माणसांना आपण आपल्या तोंडानं काय काय सांगितलं, ते त्यांना जास्त खात असावं. पुढच्या वर्षी त्यांनी बंदुकीला हळदकुंकू वाहिलं आणि घरीच बसले. त्याच्या पुढच्या वर्षी परवान्याची मुदत संपली, ती त्यांनी वाढवून घेतली नाही. बंदूक ठाण्यात जमा झाली. "डोळे गेले आता," असं ते लोकांना सांगत. घरात पडलेली सुई त्यांना माझ्या आधी दिसे.

सासूबाईंना त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त त्या पुढं जे काही आणून ठेवतील, फळ असो की धोतरजोडी, ते आधी विचारत, "विकत आणलं का?" हो म्हटलं की मग हात लावत.

ते गेले तेव्हा तेराव्याला गोविंदशेठ आले. केस पांढरे झालेले, टंचाई कधीच सरलेली. ओसरीत सतरंजीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी पाणी दिलं. डोळे पुसून म्हणाले, "सूनबाई, लई मानी माणूस. एवढी वर्षं मनात ठेवलं. त्यानं कधी मागतलंच नाही हो. एका शब्दानं मागतलं असतं ना, तर फुकट देल्लं असतं म्या."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊ, मी मागतलं होतं."

गोविंदशेठांनी टोपी उचलली. एसटीला अजून बराच वेळ होता, तरी ते उठले.