किल्ल्यांची अदलाबदल

भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी वसलं तेव्हा घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. आमची चिठ्ठी मागच्या गल्लीत निघाली आणि वडिलांच्या दोस्ताची पुढच्या. त्यांना आम्ही काका म्हणायचो. काकांचा भाऊ मागच्या गल्लीत होता, त्याच्या शेजारी राहायचं म्हणून त्यांनीच घर बदलून मागितलं. दोघांनी किल्ल्या बदलल्या. लिहून घ्या, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा वडील भडकले होते म्हणे. दोस्ताकडं कागद मागणं त्यांना शिवीसारखं वाटायचं.

पुढं वडिलांनी या घरावर माडी चढवली. ते गेले, आई अजून इथंच राहते. मधल्या काळात दारावरून मोठा रस्ता गेला आणि आमच्या ओट्याचं दुकान होऊ शकतं, हे साऱ्या गावाला कळलं. मग ड्रोन उडवून मोजणी झाली, प्रॉपर्टी कार्डं आली. आमच्या घरावर काकांचं नाव, त्यांच्या घरावर वडिलांचं. अदलाबदल नोंदवायला दोन्हीकडच्या सह्या लागणार होत्या. मला वाटलं, एका सकाळचं काम आहे. एवढा मी शहाणा.

काकांच्या मुलानं त्यांना सही करू दिली नाही. कार्डावर आहे तेच खरं, घर खाली करा, म्हणाला. लोहाऱ्याला, तालुक्याच्या कचेरीत, सुनावणी लागली. किल्ल्या बदलणाऱ्या दोघांपैकी आता काकाच उरले होते, म्हणून साहेबांनी त्यांनाच विचारलं. मुलगा खुर्चीला खुर्ची लावून बसला होता. काका टेबलाकडं बघत म्हणाले, "मला काय आठवत न्हाय, साहेब."

मला त्यांची कीव आली नाही. संताप आला, तो अजून येतो.

चारच दिवसांनी ते सकाळी आमच्याकडं आले. आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला, मला तिचाही राग आला. मी म्हणालो, "काका, घराचं आठवत न्हाय तुमाला, मग आमचं दार बरं आठवलं?"

"समदं आठवतंय रं," ते म्हणाले. "पर मला भाकरी पोराच्याच घरात खायची हाय."

मी वही-पेन त्यांच्यापुढं सरकवलं. आठवतंय, एवढंच लिहा आणि खाली सही करा, म्हणालो. त्यांनी आईकडं बघितलं. ते चहा अर्धा टाकून उठले आणि चपला घालून निघून गेले.

त्यांची सही मला मिळाली ती महिनाभरानं, घर खाली करायच्या नोटिशीवर.