मेला न्हाय, चेंगरलाय

रेकॉर्डिंग ऐकताना काका आधी पंखा बंद करायचे, मग आम्हा गिऱ्हाइकांना. म्हणजे तोंडावर बोट ठेवून दटावायचे. हेडफोन लावून डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांनी निदान सांगायचे, "आवाज मेला न्हाय. चेंगरलाय."

म्हसळ्याला भाजीबाजारामागे त्यांचं रेकॉर्डिंग दुरुस्तीचं एका खोलीचं दुकान होतं. लग्न, भजन, शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांचे सामने. जिथे म्हणून कुणी माइकला चिकटून गायलं, तिथलं फाटकं रेकॉर्डिंग शेवटी त्यांच्याकडे यायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरातली हाक त्यांना ऐकू येत नाही, पण भरल्या मांडवातली एक चुकलेली झांज बरोबर ऐकू येते.

मी गेलो आमच्या बुवांसाठी. शाळेत शिकवतो आणि गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतो. माघातल्या पूजेला दुपारी बुवा गायले, ते शेवटचं. पुढे घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांचं उरलेलं हे एकच भजन, आणि तेही आमच्या अध्यक्षांनी रेकॉर्डरचं बटण शेवटपर्यंत पिळून घेतलेलं. दणदणीत यायला पाहिजे, असं त्यांचं मत. बुवांनी वरचा सूर लावला की पत्र्यावर नारळ पडल्यासारखं वाजायचं.

काकांनी कॉम्प्युटरवर आवाजाच्या लाटा दाखवल्या. सगळ्यांचे शेंडे सपाट कापलेले. हे शेंडे दुसरीकडून आणावे लागतील, म्हणाले. त्या दिवशी कुणाकुणाच्या मोबाइलवर काय आलंय ते गोळा करा.

मी घरोघर फिरलो. एका मोबाइलमध्ये नुसती प्रसादाची रांग. एकात बुवांपेक्षा रेकॉर्ड करणाराच जोरात गातोय. काकांना पसंत पडला तो माझ्या आत्याचा. ती माझ्या मागेच बसली होती आणि मोबाइल चुकून चालू होऊन पिशवीत शालीखाली पडला होता. शालीनं आवाज दबला, म्हणून फाटला नाही. काकांनी आत्याच्या शालीला मनोभावे नमस्कार सांगितला.

चार दिवसांनी बोलावणं आलं. काकांचा चेहरा गंभीर होता.

"मास्तर, बुवा साफ झालं," ते म्हणाले. "पण तुम्ही पण साफ झालाव."

मी ऐकलं. बुवांचा सूर लख्ख. आणि शेजारी माझा मृदंग, एक अख्खं कडवं भरकटलेला. बुवा समेवर पोचायचे, मी मागून धावत यायचो. त्यावर आत्याचा आवाज: "बुवा पोचलं श्रीवर्धनला, ह्यो अजून म्हसळ्यातच."

इतके दिवस त्या खरखरीनंच माझी अब्रू राखली होती. मृदंग दाबता येईल, काका म्हणाले, पण बुवांचा खर्जही त्याच्याबरोबर जाईल. मी ते कडवं पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हटलं, राहू द्या. आत्याला तेवढी काढा.

बुवांच्या घरी सगळं मंडळ जमलं. काका स्वतः स्पीकर घेऊन आले. भजन सुरू झालं, बुवांनी डोळे मिटले. मग ते कडवं आलं, आणि आत्या होतीच. मी काकांकडे पाहिलं. "तिच्या बोलण्याखाली बुवांचा श्वास व्हता," ते हळूच म्हणाले. "न्हाय काढवला."

मंडळ हसून लोळत होतं. बुवाही आवाज न करता गदगदा हसत होते. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहून माझ्यासमोर धरली: 'पुढची लांब तान ऐक. तुझी वाट बघत होतो.'

त्या तानेचं गावभर कौतुक झालं होतं.

गेल्या वर्षी काका दुकान बंद करून न्हावा शेव्याकडे मुलीकडे राहायला गेले. निरोप द्यायला मी स्टँडवर गेलो. एसटीच्या खिडकीची काच अडकलेली. गाडी सुरू झाल्यावर ते काचेपलीकडून काहीतरी बोलले. इंजिनच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही. मी जोरजोरात मान हलवली. काका समाधानानं हसले, आणि गाडी वळली.

मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही.